लाइन परत

रोज संध्याकाळी दिवे लागले की आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची आणि अख्ख्या घराला विचारायची, "कोण कोण आलंय?"

उत्तर ज्याचं त्यानं द्यायचं. मी "आले" म्हणायचे. बाहेरच्या खोलीतून बाबा म्हणायचे, "आलोय गं ताई." आई तिच्या शेजारीच भांडी पुसत उभी असली, तरी तिलाही "आहे मी, वन्सं" असं म्हणावं लागे. एकानं दुसऱ्याच्या वतीनं बोललेलं आत्याला चालत नसे. "ती आलीय, तोंड धुतेय," असं आईनं माझ्याबद्दल सांगितलं, तर आत्या न्हाणीघराच्या दाराशी जाऊन उभी राहायची. आतून माझा आवाज ऐकल्यावरच मागे फिरायची.

आजीला ही सगळी चेष्टाच वाटायची. "मी कुठं जातेय मेली? या खाटेवरून उठले तर तुला कळवीनच की."

"तरी बोल."

"आहे गं बाई, आहे."

मग आत्याचे खांदे जरासे खाली यायचे. दिवसभर कुणीतरी ते वर धरून ठेवल्यासारखे असायचे. पाहुण्यांना हा प्रकार कौतुकाचा वाटे. केवढा जीव आहे हिचा घरावर, असं ते म्हणत. जीव होताच. पण दारात उभं राहून ती जे करायची, ते जीव लावणं नव्हतं. ती मोजून घ्यायची, कोण वर राहिलंय का.

आत्या वीज उपकेंद्रात ऑपरेटर होती. वस्ती संपते तिथं तारेचं कुंपण, आत खडी पसरलेली, खडीत उभे राखाडी ट्रान्सफॉर्मर, आणि त्यांची सतत चाललेली घुमघुम. कुंपणाच्या आत एक लांबट खोली. खोलीत भिंतीला लागून पत्र्याची उंच पॅनेलं, प्रत्येकावर एक हँडल आणि दोन छोटे दिवे, एक लाल, एक हिरवा. एकेक पॅनेल म्हणजे एकेक लाइन. हँडल इकडं फिरवलं की गावाच्या एका भागात अंधार, तिकडं फिरवलं की उजेड. आत्याची खुर्ची या सगळ्यांसमोर होती. ती खुर्चीत बसायची मात्र क्वचितच.

बाबा त्याच खात्यात लाइनमन. म्हणजे बहीण लाइन बंद करायची आणि भाऊ खांबावर चढायचा. लोकांना यात गंमत वाटे. "बरंय की, घरचीच लाइन," असं म्हणत.

आमच्या घरात या एका शब्दानं फार कामं केली. लाइन गेली म्हणजे वीज गेली. लाइन लागत नाही म्हणजे फोन लागत नाही. रेशनला लाइन, दवाखान्यात लाइन, नळावर लाइन. माझा भांग वाकडा पडला की आत्या कंगवा उलटा धरून डोक्यावर टेकवायची, "लाइन बघ कुठं चाललीय, गावाबाहेर." बाबांनी तरुणपणी पत्त्यांचा नाद केला तेव्हा आजोबांनी त्यांना लाइनीवर आणलं होतं, आणि नंतर खरोखरच लाइनवर आणलं, कारण आजोबा स्वतः जुने लाइनमन. मी साहित्य शिकायचं ठरवलं तेव्हा आत्यानं विचारलं होतं, "ही कसली लाइन? यात शॉक बसतो का?"

"कधी कधी."

"मग जपून."

तिच्या तरुणपणी बिलाच्या खिडकीतला एक कारकून तिच्यावर लाइन मारतो अशी कुजबुज होती. मैत्रिणींनी चिडवलं तर आत्या म्हणाली, "मारू दे. क्लियर न घेता लाइनला हात लावणारे टिकत नाहीत." कारकून खरंच टिकला नाही, दुसरीकडं लग्न करून मोकळा झाला. आत्यानं लग्न केलं नाही. का, ते कुणी विचारलं तर ती हँडल फिरवल्यासारखा हात करायची आणि विषय बंद.

'क्लियर'चा अर्थ मात्र आमच्या घरात एकच होता. खांबावर चढायच्या आधी लाइनमन उपकेंद्राला फोन करतो. "तीन नंबरची लाइन क्लियर द्या." ऑपरेटर ती लाइन बंद करते, हँडलला कुलूप घालते, 'माणसं कामावर आहेत' अशी लाल पाटी अडकवते आणि मग सांगते, "तीन नंबरची लाइन क्लियर दिली." तो तेच शब्द परत म्हणतो, आणि चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जावी म्हणून तारा जमिनीला जोडून ठेवतो, म्हणजे अर्थिंग करतो. त्यानंतर लाइन ऑपरेटरची राहत नाही, गावाची राहत नाही, साहेबाचीही नाही. ज्यानं घेतली त्याची होते. काम संपलं, माणसं उतरली, की त्यानंच स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, "लाइन परत." तोवर कुलूप उघडायचं नाही. त्याच्या वतीनं कुणी म्हटलेलं चालत नाही. सोबत्यानं नाही, बायकोनं नाही, देवानंही नाही, असं आजोबा सांगायचे.

आत्या पहिल्या दिवसापासून भीत होती. पहिल्यांदा लाइन परत घेताना तिच्याकडून किल्ली कुलपात जाईना. तिच्या आधीचे म्हातारे ऑपरेटर शेजारी उभे होते. त्यांनी किल्ली घेतली नाही. म्हणाले, "घाबर. ही भीती जाईल त्या दिवशी बदली मागून घे." तिनं नोकरीभर बदली मागितली नाही.

बाबांनी लाइन घेतली असेल त्या दिवशी ती डबा उघडत नसे. संध्याकाळी तो तसाच घरी यायचा. आई झाकण उघडून बघायची आणि बाबांना विचारायची, "आज वर होतात वाटतं?"

मी शाळकरी होते तेव्हाची, सुट्टीच्या दिवसातली ती दुपार. आजीच्या फुप्फुसांचं दुखणं तोपर्यंत वाढलं होतं. खाटेच्या उशाशी ऑक्सिजनचं मशीन आलं होतं. ते भिंतीतल्या विजेवर चालायचं आणि धापा टाकल्यासारखा आवाज करायचं, जणू आजीच्या वाटच्या धापा तेच टाकत होतं. वीज गेली तर दोन-तीन तास बॅटरी. त्याहून जास्त वेळ गेली तर कोपऱ्यात सिलिंडर. त्या दिवशी सिलिंडर भरायला दिलेला होता, आणि दुकानदारानं संध्याकाळी देतो म्हटलं होतं.

आमचं घर तीन नंबरच्या लाइनवर. बाबांनी सकाळी तीच लाइन क्लियर घेतली होती, गावाच्या दुसऱ्या टोकाला, दगडाच्या खाणीमागे. आईला एवढंच ठाऊक होतं की बाबा कामावर गेलेत. कुठल्या लाइनवर, हे ते घरात कधी सांगत नसत. घरी सांगून जायचं नाही, हाही आजोबांचाच नियम. उगाच कुणी दिवसभर दिव्याकडं बघत बसायला नको.

काम ठरल्यापेक्षा लांबलं. बॅटरी बारीक वाजायला लागली तेव्हा आईनं उपकेंद्रात फोन लावला.

"वन्सं, मशीन वाजायला लागलंय. लाइन कधी येणार?"

"येईल. सिलिंडर?"

"सिलिंडर कुठाय? भरायला दिलाय ना!"

आत्यानं हँडलच्या कुलपाकडं बघितलं. मग म्हणाली, "त्यांना उठवून बसव. पाठीला उशा दे. शेजारच्यांना सांग, गाडी बोलवा म्हणावं."

"वन्सं, नखं निळी पडायला लागलीत हो."

"बसव त्यांना," आत्या म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला. आपल्या सख्ख्या आईबद्दल ती त्या दिवशी 'त्यांना' का म्हणाली, हे आईला पुढं कितीतरी दिवस खटकत होतं. घरी ती आजीला अगं-तुगंच करायची. मला वाटतं, त्या खोलीत तिला आई परवडण्यासारखी नव्हती.

मी आजीच्या पाठीशी बसून तिला धरलं होतं. तिची पाठ माझ्या छातीवर आपटत होती. बॅटरीचा आवाज एका सुरात लागला आणि मग थांबला. तो थांबल्यावर खोलीत जे उरलं ते ऐकवत नव्हतं.

तेवढ्यात उपकेंद्रात दुसरा फोन वाजला. बाबांच्या जोडीला असणारे काका होते. आम्ही त्यांना घाईकाका म्हणायचो. ते चहासुद्धा फुंकर न घालता प्यायचे.

"बाई, झालं काम. करा चालू."

"त्याला द्या फोन."

"अहो, तिथं रेंज नाही. मी रस्त्यावर आलोय म्हणून लागला तरी. ते उतरले, अर्थिंग काढलं, माझ्या डोळ्यांदेखत. दोर गुंडाळतायत."

"मग बोलवा इकडं."

"एवढ्या लांब परत जाऊ? बाई, गाव बोंबलतंय. मी सांगतोय ना!"

"तुम्ही लाइन घेतली होतीत?"

"नाही, पण..."

"मग जा."

ती किल्ली मुठीत धरून पॅनेलसमोर उभी राहिली. लाल पाटी हँडलवर लटकत होती. घाईकाका घाई करायचे, पण खोटं बोलत नसत, हे तिला पक्कं माहीत होतं. डोळ्यांनी बघितलं म्हणाले म्हणजे बघितलं असणार. माणूस उतरला असणार. मग ती नुसती एका शब्दासाठी अडून राहिली होती, आणि तिकडं तिची आई श्वासासाठी.

साहेबांचा फोन आला. "काय लाइन धरून बसलात बाई? काम झालंय म्हणे."

"ज्यानं घेतली तो बोललेला नाही, साहेब."

"तुमचा भाऊ आहे म्हणून एवढं चाललंय का हे?"

"भाऊ नसता तरी हेच."

"मी सांगतो, चालू करा. जबाबदारी माझी."

"तुम्ही लाइन घेतलेली नाही, साहेब." त्यांना ती कधी उलटून बोलली नव्हती. त्याच वाक्याच्या शेवटी तिनं 'माफ करा'ही म्हटलं.

मग परत आई. या वेळी आई रडत होती. "वन्सं, त्या बोलत नाहीयेत. गाडी अजून आली नाही. तुमच्या हातात आहे ना सगळं? एक हँडल फिरवायचं, एवढंच ना?"

"थांब थोडं."

"किती? अहो तुमची आई आहे ती!"

"थांब," आत्या म्हणाली. फोन ठेवताना तो दोनदा हुकावरून घसरला.

आईच्या त्या दोन फोनांमध्ये तिनं किल्ली कुलपात घातली होती. हे तिनं मला फार नंतर सांगितलं. घातली, आणि फिरवली नाही. किल्ली कुलपात, हात किल्लीवर, आणि डोळे हिरव्या दिव्यावर. लाइन बंद असली की हिरवा लागतो. बाहेरच्या लोकांना हे उलटं वाटतं. त्यांना लाल म्हणजे थांबा एवढंच माहीत. आत्याला आयुष्यभर लाल दिव्याची भीती होती. तो लागला म्हणजे तारांमध्ये जीव आला, आणि तारेला हात लावणाऱ्याचा गेला.

अखेर फोन वाजला. धाप लागलेला आवाज.

"ताई."

"बोल."

"ताई, मी खाली आहे."

"पूर्ण बोल."

"तीन नंबरची लाइन परत. सगळी माणसं खाली. अर्थिंग काढलं."

"परत सांग."

बाबांनी परत सांगितलं. ते सांगताना त्यांचा आवाज मध्येच फुटला. तो का, हे विचारायला आत्या थांबली नाही. तिनं पाटी काढली, कुलूप काढलं, हँडल फिरवलं. आमच्या घरात मशीननं एक मोठी धाप टाकली.

संध्याकाळी घाईकाका आमच्या पायरीवर येऊन बसले. आत यायला तयार नव्हते. बाबा शेजारी उभे. काका चपलेच्या अंगठ्याकडं बघत सांगत होते, पण सांगत होते आत्याला. ते खाणीमागे परत गेले तेव्हा खांबाच्या बुंध्याशी दोराचं वेटोळं नीट गुंडाळून ठेवलेलं होतं. आणि माणूस वर होता. बाबांची पक्कड वरच्या आडव्या लोखंडावर राहिली होती, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली, आजोबांच्या वेळची. ती आणायला ते पुन्हा चढले होते. अर्थिंग काढून झालेलं. एक हात तारेच्या पलीकडं घालून पक्कड घेत होते. लाइन अजून आपल्याच नावावर आहे, परत केलेली नाही, तेव्हा काही होत नाही, या भरवशावर.

"मला हाकही मारता येईना," काका म्हणाले. "ओरडलो नि दचकून त्यांचा हात लागला तर? खाली मटकन बसलो. ते उतरेपर्यंत वर बघितलंच नाही. मी फोनवर काय म्हणालो होतो बाई? करा चालू म्हणालो होतो ना?"

आत्या उठून आत गेली. तिनं त्यांना चहा आणून दिला. त्या दिवशी त्यांनी तो हातात धरून पार गार केला.

आजी वाचली. गाडी आली, दोन दिवस दवाखान्यात ठेवली, मग घरी आली आणि पुढं बरीच जगली, आत्याच्या हाकेला "आहे गं बाई" म्हणत. पण त्या रात्री बाबा तिच्याजवळ दवाखान्यात होते आणि घरात आम्ही तिघीच. आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं विचारलं, "वन्सं, लाइनवर हे होते, ते तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू मला काय करायला सांगितलं असतंस?"

आईनं पदर तोंडाशी घेतला. मी तिच्या चेहऱ्याकडं बघितलं नाही. नवरा आणि सासू, दोघांमध्ये एक हँडल. तो प्रश्न आत्यानं आईच्या हातात दिला नव्हता, एकटीनं धरून ठेवला होता. आईला हे कळायला काही दिवस गेले. त्यानंतर आत्याचा डबा न उघडता घरी आला की आई तो मुकाट्यानं गरम करून तिच्यापुढं ठेवायची आणि ती चार घास खाईपर्यंत समोरून हलायची नाही.

खात्यात आत्याचं कौतुक झालं. साहेब स्वतः येऊन बोलून गेले. तिला ते ऐकवेना. निवृत्त झाल्यावर एकदा आम्ही दोघी कपडे घड्या घालत बसलो होतो, तेव्हा ती एकाएकी म्हणाली, "साहेबाला मी म्हटलं होतं, भाऊ नसता तरी हेच. आठवतंय?"

"हो, तूच सांगितलंस."

"ते खरं होतं की नाही, मला माहीत नाही. वर दुसरा कुणी असता, आणि इकडं माझी आई..." तिनं चादरीचं टोक माझ्या हातात दिलं. "किल्ली घातलेलीच होती गं मी. मला रोज ते दिसतं. वर दुसराच कुणी आहे, आणि मी फिरवतेय."

आम्ही चादर ताणली, कडेला कड लावली.

भीती तिच्याबरोबर निवृत्त झाली नाही. उपकेंद्र सुटलं आणि सगळा पहारा घरावर आला. बाबा भाजी आणायला गेले तरी तिच्या मनात ते लाइनवरच असायचे. मी शिकायला दुसऱ्या गावी गेले, तेव्हा माझ्या खोलीतली मैत्रीण हसायची: "तुझ्या आत्याला मी दोनदा सांगितलं, ती पोचलीय, आंघोळीला गेलीय. तरी म्हणते, धरते मी फोन." आणि ती धरायची. मी ओल्या केसांनी येऊन "आत्या, मी पोचले" म्हणेपर्यंत ती पलीकडं श्वास घेत असायची. कधी मला राग यायचा, कधी लाज वाटायची. तिच्या दृष्टीनं मी अजून वर होते, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

शेवटच्या वेळी मी सुट्टी संपवून परत गेले, पोचले, आणि बॅग खाली ठेवायच्या आधी फोन केला. बाबांनी उचलला. मी म्हटलं, पोचले, आत्याला द्या. बाबांनी फोन दिला नाही. मी पुन्हा म्हटलं, बाबा, आत्याला द्या ना, ती दुसऱ्याचं ऐकून घेणार नाही. मागे कुणीतरी रडत होतं. मी फोन धरून राहिले, जसा ती धरायची.

त्या सकाळी मी निघाले तेव्हा ती पायरीपर्यंत आली होती. काहीही दुखत नव्हतं, चेहरा रोजचाच. माझ्या पिशवीची चेन अर्धी उघडी होती ती तिनं लावली, पाण्याची बाटली हलवून भरलीय का बघितलं, आणि म्हणाली, "पोचलीस की फोन कर. तूच कर हं, दुसऱ्या कुणाला सांगू नकोस."